‘गूस’चे ‘गीस’, मग ‘मॉन्गूस’चे काय? इंग्रजी शब्दाचे मूळ आणि रूप शोधण्याची रीत

शाळेत ‘गो–वेंट–गॉन’ घोकून घेतात आणि कोणी ‘असे का?’ विचारले, तर ‘तो अपवाद आहे’ म्हणून विषय संपवतात. मराठीत आपण वर्तमानकाळात ‘जातो’ म्हणतो, भूतकाळात मात्र ‘गेला’. ‘जाणे’ आले संस्कृत ‘या’ धातूपासून आणि ‘गेला’ आले ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. दोन वेगळ्या धातूंनी एकत्र संसार थाटला आहे. इंग्रजीत नेमके हेच झाले. ‘गो’चा जुन्या इंग्रजीतला भूतकाळ ‘एओदे’ असा होता. तो मागे पडला आणि ‘वळणे, जाणे’ या अर्थाच्या ‘वेंड’ क्रियापदाचा भूतकाळ ‘वेंट’ त्याच्या जागी बसला. ‘सेंड–सेंट’, ‘लेंड–लेंट’ तसेच ‘वेंड–वेंट’. म्हणजे ‘वेंट’ आपल्या घरी अगदी नियमित आहे. ते फक्त दुसऱ्याच्या घरात राहते.

इंग्रजीतली बहुतेक विचित्र रूपे अशीच आहेत. एके काळी नियम होता, नियम गेला, रूप उरले. म्हणून आधी मूळ शोधावे आणि मग रूपाकडे यावे. उलट क्रमाने गेले की पाठांतराशिवाय हाती काही लागत नाही.

पायरी 1 : शब्द सोलून घ्या

कोशात ‘वेंट’ शोधून उपयोग नाही, ‘गो’ शोधावे लागते. प्रत्यय काढा, काळाची आणि वचनाची चिन्हे काढा, उरलेले मूळ रूप लिहा. शेजारी दोन गोष्टी टिपून ठेवा: आजचे स्पेलिंग आणि आजचा उच्चार. या दोघांत जितके अंतर, तितका माल जास्त. ‘नी’ म्हणजे गुडघा. त्याच्या स्पेलिंगच्या सुरुवातीचे ‘के’ हे अक्षर कोणाची चूक नव्हे. सतराव्या शतकापर्यंत ते खरोखर उच्चारले जाई. उच्चार बदलला, स्पेलिंग छापखान्यात अडकले. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला, आणि इंग्रजीच्या दीर्घ स्वरांची मोठी उलथापालथ साधारण 1400 ते 1700 या काळात झाली. म्हणजे स्पेलिंग स्थिरावू लागले ते नेमके उच्चार घसरत असताना.

सावध राहायचे ते एका गोष्टीसाठी. प्रत्येक मूक अक्षर जुन्या उच्चाराची खूण नसते. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला ‘बी’ इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नाही. शब्द फ्रेंचमधून ‘डेट्’ असाच आला. पुढे विद्वानांनी लॅटिन ‘डेबिटुम’ची आठवण म्हणून ‘बी’ घुसडला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ गैरसमजाचा आहे. मूळ शब्द अस्सल इंग्रजी. त्याचा फ्रेंच ‘आइल’शी संबंध नसताना तो जोडून ‘एस’ चिकटवला.

पायरी 2 : तद्भव, तत्सम की पाहुणा?

मराठी वाचकाला ही पायरी सोपी जाते, कारण वर्गीकरण आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ‘हस्त’ तत्सम, ‘हात’ तद्भव. ‘कर्म’ आणि ‘काम’, ‘पर्ण’ आणि ‘पान’. इंग्रजीत लॅटिनच्या बाबतीत हुबेहूब अशा जोड्या आहेत. लॅटिन ‘फ्रागिलिस’ फ्रेंचच्या तोंडात झिजून ‘फ्रेल’ झाला आणि पुस्तकातून थेट उचलला तेव्हा ‘फ्रॅजाइल’. तसेच ‘शुअर’ व ‘सिक्युअर’, ‘पूअर’ व ‘पॉपर’, ‘काउंट’ व ‘कम्प्यूट’. झिजलेला शब्द बोलण्यातला, न झिजलेला कागदावरचा. हा भेदही मराठीसारखाच.

कोश उघडण्यापूर्वी कुळाचा अंदाज बांधायला काही खुणा पुरतात. स्पेलिंगच्या सुरुवातीला ‘के-एन’ किंवा ‘डब्ल्यू-एच’ असेल, मध्ये मुके ‘जी-एच’ असेल, तर शब्द बहुधा अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या कुळातल्या त्या कुळाचा. सुरुवातीला ‘स्क’ हा ध्वनी असेल, तर स्कँडिनेव्हियन दर्यावर्दींनी आणलेला असण्याची शक्यता मोठी: ‘स्काय’, ‘स्किन’, ‘स्किल’. कारण अस्सल इंग्रजीत जुना ‘स्क’ हा ‘श’ झाला होता. त्यामुळेच ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ हे मुळात एकच वस्त्र. पहिला घरचा, दुसरा नॉर्स, म्हणजे त्या दर्यावर्दींच्या भाषेतला. ‘व्ही’ने सुरू होणारे अस्सल इंग्रजी शब्द हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच, ‘व्हॅट’ (पिंप), ‘व्हेन’ (वातकुक्कुट), ‘व्हिक्सन’ (कोल्हीण). बाकी जवळजवळ सगळे फ्रेंच-लॅटिन.

‘सी-एच’ या जोडीवरून तर काळही कळतो. उच्चार ‘च’ असेल आणि शब्द फ्रेंच असेल, तर तो मध्ययुगात आला: ‘चीफ’, ‘चेअर’. उच्चार ‘श’ असेल तर उशिरा आला: ‘शेफ’, ‘मशीन’. फ्रेंचमधला ‘च’ मधल्या काळात ‘श’ झाला, एवढेच कारण. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ हा एकच शब्द दोनदा आयात झालेला आहे. उच्चार ‘क’ असेल तर बहुतेक वेळा ग्रीक: ‘केमिस्ट्री’, ‘कोरस’, ‘स्कूल’.

या खुणा अंदाजापुरत्याच. अंदाज लिहून ठेवा आणि पुढे कोशात तपासा; जिथे चुकतो, तिथेच शिकायला मिळते.

पायरी 3 : कोशातली नोंद नीट वाचा

सर्वांत विश्वासाचा ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश. त्याचे खंड 1884 पासून 1928 पर्यंत निघत होते. आज तो ऑनलाइन आहे, पण वर्गणी लागते. फुकटात काम भागवायचे तर डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन व्युत्पत्तिकोश आणि विक्शनरी ही जोडी चांगली: पहिल्यात शब्दाची गोष्ट आणि काळ, दुसरीत सगळी व्याकरणिक रूपे. भारतातून गेलेल्या शब्दांसाठी 1886 चा ‘हॉब्सन-जॉब्सन’, मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थ, आणि संस्कृत-प्राकृत धाग्यासाठी टर्नरचा तौलनिक कोश. हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात.

नोंदीत चार गोष्टी पाहायच्या. शब्दाआधी तारका असेल, तर ते रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही. भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेतून उभे केले आहे. ‘सी’ अक्षर आणि पुढे साल असेल तर ‘त्या सुमारास’, ‘ए’ असेल तर ‘त्यापूर्वी’. तेही शब्द जन्मल्याचे साल नव्हे, लिखाणात सापडल्याचे. जुनी इंग्रजी साधारण 1150 पर्यंत, मध्य इंग्रजी 1500 पर्यंत. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: ‘फ्रॉम’ आणि ‘कॉग्नेट’ यांतला फरक. ‘फ्रॉम’ म्हणजे आई, ‘कॉग्नेट’ म्हणजे चुलत भावंड. इथेच बहुतेक लोक घसरतात. ‘फादर’च्या नोंदीत ‘पितृ’ दिसला की ‘इंग्रजी शब्द संस्कृतातून आला’ असे सांगत सुटतात. तो संस्कृतातून आलेला नाही; दोघांचा पूर्वज एक आहे.

‘शुगर’ची नोंद या दृष्टीने वाचून पाहा. संस्कृत ‘शर्करा’, तिथून फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन, जुनी फ्रेंच आणि मग इंग्रजी. ही खरी आयात, आईकडून लेकीकडे. पण ‘साखर’ हा शब्द ‘शर्करा’पासून प्राकृत ‘सक्करा’मार्गे मराठीत आला. त्यामुळे ‘साखर’ आणि ‘शुगर’ या बहिणी; एकीपासून दुसरी झालेली नाही.

पायरी 4 : ध्वनी जुळतात का ते तपासा

दोन शब्द सारखे दिसतात म्हणून नात्यातले नसतात. उलट इंग्रजी आणि संस्कृत शब्द फारच सारखे दिसले तर संशय घ्यावा, कारण हजारो वर्षांत ध्वनी बदलायला हवे होते. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेला नियम इथे फूटपट्टीसारखा वापरता येतो. मूळच्या ‘प’चा इंग्रजीत ‘फ’ होतो: पितृ–फादर, पाद–फूट. ‘त’चा ‘थ’: त्रि–थ्री. ‘द’चा ‘ट’: दश–टेन, द्वि–टू. ‘भ’चा ‘ब’: भ्रातृ–ब्रदर. जोडीला एक छोटा नियम लक्षात ठेवा: ‘स’, ‘थ’, ‘फ’ यांच्या आधीचा अनुनासिक इंग्रजीत गळतो. मग दंत–टूथ, हंस–गूस, पंच–फाइव्ह या जोड्या आपोआप उलगडतात. जर्मनमध्ये तो अनुनासिक शिल्लक आहे: हंसाच्या भावंडाला तिथे ‘गान्स’ म्हणतात.

आता ‘सेंट’ आणि ‘संत’ घ्या. अर्थ जुळतो, आवाज जुळतो. पण ‘सेंट’ हा लॅटिन ‘सांक्टुस’ म्हणजे पवित्र केलेला, आणि ‘संत’ हा ‘अस्’ धातूच्या ‘सत्’पासून. नाते नाही. मोबाइलवर फिरणारा ‘नवगतीपासून नॅव्हिगेशन’ हा दावाही असाच. लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे, त्यातून तो शब्द झाला. गंमत अशी, की ‘नाविस’ आणि आपली ‘नौ’ खरोखरच भावंडे आहेत. ‘गती’ मात्र उगाच आत ओढली.

पायरी 5 : आता रूपांकडे

अनियमित अनेकवचनांत सर्वांत जुनी टोळी आहे ती ‘फूट–फीट’, ‘टूथ–टीथ’, ‘गूस–गीस’, ‘माउस–माइस’, ‘मॅन–मेन’. फार पूर्वी या शब्दांच्या अनेकवचनी प्रत्ययात ‘इ’ होता. पुढे ‘इ’ उच्चारायचा आहे म्हणून जीभ आधीच पुढे सरकू लागली आणि मुळातला ‘ओ’ हा ‘ए’कडे झुकला. नंतर प्रत्यय गळून गेला, झुकलेला स्वर राहिला. जुन्या इंग्रजीत ‘फोट–फेट’, दोन्ही स्वर दीर्घ. स्वरांच्या उलथापालथीत दीर्घ ‘ओ’चा ‘ऊ’ झाला, दीर्घ ‘ए’चा ‘ई’: म्हणून फूट–फीट. उंदराचा शब्द मुळात ‘मूस’ असा होता, ‘मूषक’चा सख्खा चुलत भाऊ, त्याचा दीर्घ ‘ऊ’ ‘आउ’ झाला आणि अनेकवचनातला दीर्घ ‘ई’ ‘आइ’. एकच नियम दोन्हीकडे लागला. सुरुवातीचे स्वर वेगळे म्हणून निकाल वेगळे. ‘बुक’चे अनेकवचनही एके काळी ‘बेच’ होते. ते टिकले असते तर आज दुकानात ‘टू बीच’ मागावी लागली असती.

याच ‘फूट’शी जोडलेली एक चूक भारतीय इंग्रजीत सतत दिसते: ‘सिक्स-फीट वॉल’. बरोबर आहे ‘सिक्स-फूट वॉल’, पण ‘द वॉल इज सिक्स फीट हाय’. जुन्या इंग्रजीत मोजमाप सांगताना षष्ठीचे अनेकवचन ‘फोता’ वापरत. त्यात स्वर झुकलेला नव्हता. शेवटचा ‘आ’ गळाला आणि उरले एकवचनासारखे दिसणारे रूप. ‘टेन-इयर-ओल्ड बॉय’ याच साच्यात बसते. नामाच्या आधी जोडशब्द म्हणून आले तर एकवचनी रूप, नंतर आले तर अनेकवचनी, एवढे धरून चालावे.

‘चिल्ड्रन’मध्ये दोन अनेकवचने एकावर एक बसली आहेत. ‘चाइल्ड’चे जुने अनेकवचन ‘चिल्द्रु’, त्याचे ‘चिल्डर’ झाले. ते पुरेसे अनेकवचनी वाटेना म्हणून ‘ऑक्सन’मधला ‘अन’ वर चढवला. दुकानाच्या पाट्यांवर ‘चिल्ड्रन्स’ दिसते ते षष्ठीचे असेल तर ठीक, पण अनेकवचन म्हणून लिहिले असेल तर तिसरा मजला झाला.

उलटेही घडते. ‘पीज’ हा शब्द मुळात एकवचनी, लॅटिनमधून आलेला. शेवटचा ‘ज’ लोकांना अनेकवचनाचा वाटला आणि सतराव्या शतकात त्यातून ‘पी’ हा नवा एकवचनी दाणा सोलून काढला. ‘चेरी’ची गोष्ट तीच. शब्दाची सीमा सरकण्याचे असेच प्रकार उपपदाबरोबर झाले: ‘अ नेप्रन’चे ‘ॲन एप्रन’ झाले, आणि ‘अ नूंपेर’ म्हणजे दोघांच्या बरोबरीचा नसलेला तिसरा माणूस, त्याचा ‘ॲन अंपायर’ झाला. ‘निकनेम’मध्ये उलट ‘न’ बाहेरून आत आला; मूळ ‘ॲन एकनेम’, म्हणजे जादा नाव.

‘नाइफ–नाइव्हज’, ‘वुल्फ–वुल्व्ज’ यांच्यामागे जुन्या इंग्रजीतला नियम: दोन घोष ध्वनींच्या (उच्चारताना घसा कंप पावतो अशा) मधला ‘फ’ हा ‘व्ह’ होई. उशिरा आलेल्या फ्रेंच शब्दांना तो लागला नाही, म्हणून ‘चीफ्स’, ‘प्रूफ्स’. मूळ फ्रेंच असेल तर ‘फ’ ठेवा, हा आडाखा बहुतेक वेळा चालतो. ‘रूफ’ अस्सल असूनही ‘रूफ्स’ होते, हे मात्र लक्षात ठेवावेच लागते.

लॅटिन-ग्रीक पाहुण्यांशी वागताना एकच प्रश्न विचारायचा: नक्की कोणाकडचा? ‘बॅक्टेरिया’, ‘मीडिया’, ‘क्रायटेरिया’ ही अनेकवचने आहेत. मराठीत ‘एक बॅक्टेरिया’ रुळला आहे आणि मराठीत तो चालेल, पण इंग्रजीत लिहिताना ‘बॅक्टेरियम’, ‘क्रायटेरियन’. ‘अजेंडा’ लॅटिनमध्ये अनेकवचन होता, इंग्रजीत तो पक्का एकवचनी झाला आहे. तिथे लॅटिन पाजळण्यात अर्थ नाही. ‘ऑक्टोपस’चे ‘ऑक्टोपाय’ करणारे तर दोनदा चुकतात: लॅटिनचा प्रत्यय ग्रीक शब्दाला लावतात आणि विद्वान दिसल्याचे समाधान मानतात. सरळ ‘ऑक्टोपसेस’ म्हणावे.

क्रियापदांत सर्वाधिक गोंधळ ‘लाय’ आणि ‘ले’ यांचा, आणि त्यावर मराठीइतकी चांगली किल्ली क्वचितच मिळेल. मरणे–मारणे, पडणे–पाडणे, चरणे–चारणे: स्वर बदलला की दुसऱ्याकडून करवून घेण्याचा अर्थ येतो. इंग्रजीत ‘फॉल’ म्हणजे पडणे, ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. ‘सिट’ बसणे, ‘सेट’ बसवणे. ‘राइज’ उठणे, ‘रेझ’ उठवणे. तसेच ‘लाय’ आडवे होणे आणि ‘ले’ आडवे ठेवणे. संस्कृतात ‘पतति’चे ‘पातयति’ करणारा जो प्रत्यय, त्याचेच जर्मानिक भावंड इथे काम करून गेले आहे. आता व्यवहाराचा भाग: करवून घेणारे क्रियापद साधित असल्यामुळे त्याचा भूतकाळ ‘ड’ किंवा ‘ट’ लावूनच होतो, मूळ क्रियापदासारखा स्वर बदलून नव्हे. म्हणून ‘ले–लेड–लेड’, ‘रेझ–रेझ्ड’, ‘फेल–फेल्ड’; पण ‘लाय–ले–लेन’, ‘राइज–रोझ–रिझन’, ‘फॉल–फेल–फॉलन’. वाक्यात कर्म आहे का ते पाहा. कर्म असेल तर ‘ले’. ‘लाय’चा भूतकाळही ‘ले’ असाच असल्याने इंग्रज स्वतःही इथे अडखळतात, तेव्हा फार लाजू नये.

‘कीप–केप्ट’मध्ये स्वर का बदलतो? ‘प’ आणि ‘ट’ एकत्र आल्यावर आधीचा दीर्घ स्वर र्‍हस्व झाला. मग दीर्घ ‘ए’चा ‘ई’ होण्याची लाट आली. ‘केप्ट’ र्‍हस्व म्हणून वाचला, ‘कीप’ वाहून गेला. ‘फाइव्ह–फिफ्थ’, ‘वाइज–विझडम’ यांच्यामागे हीच भानगड आहे. ‘पुट’, ‘सेट’, ‘शट’ यांचा भूतकाळ बदलत नाही, कारण धातू आधीच ‘ट’ने संपतो, प्रत्ययाचा ‘ट’ त्यात मिसळला आणि पुढचा ‘ए’ गळाला.

उरले ‘बी’. ‘ॲम’ आणि ‘इज’ म्हणजे ‘अस्मि’ आणि ‘अस्ति’ यांची भावंडे, ‘बी’ हे ‘भू’चे, आणि ‘वॉज’ हे ‘वस्’चे, ज्यापासून आपली ‘वस्ती’. तीन धातू, एक क्रियापद.

पायरी 6 : सुरस कथा बाजूला काढा

शब्दाची व्युत्पत्ती आद्याक्षरांतून सांगितली जात असेल आणि शब्द विसाव्या शतकाआधीचा असेल, तर ती जवळजवळ नेहमी बनावट असते. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे नव्हेत. ‘न्यू’चे ते अनेकवचन, ‘नव्या गोष्टी’, चौदाव्या शतकापासूनचे. म्हणून स्पेलिंगात ‘एस’, आणि अर्थ एकसंध झाल्यामुळे क्रियापद मात्र एकवचनी. ‘पॉश’ म्हणजे विलायत ते मुंबई बोटीवर जाताना डावी आणि येताना उजवी खोली, हेही ऐकायला छान. पण तसे शिक्के मारलेले एकही तिकीट सापडलेले नाही. ‘ओके’ मात्र खरोखर आद्याक्षरांचा आहे: 1839 मध्ये बोस्टनच्या एका वृत्तपत्रात ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगवरून झालेला विनोद.

एक शब्द सुरुवातीपासून : ‘मॉन्गूस’

सोलायला प्रत्यय नाही. कूळ: रूप पाहून ‘गूस’चा जोडशब्द वाटतो, पण तसे असते तर पहिल्या अर्ध्याला काही अर्थ हवा होता; तो नाही, म्हणून पाहुणा समजू. कोश उघडला की शब्द मराठी निघतो: ‘मुंगूस’, किंवा कोशांत दिले जाते तसे ‘मंगूस’. इंग्रजी लिखाणात तो सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसतो. कन्नड आणि तेलुगूतही याच घडणीचे शब्द आहेत. ध्वनीची फूटपट्टी इथे लावायचीच नाही, कारण ती समान पूर्वजाच्या भावंडांसाठी असते आणि हा शब्द अलीकडे उचललेला आहे. शेवटचा भाग ओळखीच्या पक्ष्यासारखा ऐकू आला म्हणून स्पेलिंग त्याच्यासारखे झाले, एवढाच ‘गूस’चा संबंध.

रूप आता उघड आहे. ‘गूस’चे ‘गीस’ होते, कारण तो जर्मानिक आणि त्याच्या प्रत्ययात कधी काळी ‘इ’ होता. ‘मूस’ हे मोठे सांबरासारखे जनावर उत्तर अमेरिकेतल्या अल्गॉन्क्वियन भाषांतून सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आले. त्याचे अनेकवचनही ‘मूस’च. आणि मुंगसे एकाहून जास्त असली, तर ‘मॉन्गूसेस’.